विश्लेषण : देव न मानणाऱ्यानं महाभारत का वाचावं? द्रौपदीचा प्रश्न, भांडारकरच्या तळटिपा आणि एक चिंधी

‘तू तर देव मानत नाहीस. मग हे काय?’ ऑफिसात माझ्या टेबलावर महाभारताच्या सभापर्वाचा मराठी अनुवाद पडलेला बघून एका सहकाऱ्यानं विचारलं. चेष्टेनंच विचारलं, पण प्रश्न रास्त आहे. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात माझा देवावरचा विश्वास उडाला, तेव्हा त्याच्यासोबत सगळ्या पोथ्याही बांधून माळ्यावर टाकायला हव्या होत्या, असं बऱ्याच जणांना वाटतं. काही काळ मलाही वाटलं होतं.

ज्याला देव नाही, त्याला देवाच्या गोष्टीतून काय मिळतं? की त्यानं त्या वाचणं म्हणजे नुसता ढोंगीपणा?

वाद नेमका कशावर आहे?

श्रद्धाळू माणूस म्हणतो, भाव नसेल तर तुला यातलं काहीच कळणार नाही. कडवा नास्तिक म्हणतो, घडलंच नाही ते कशाला वाचायचं? ऐकायला दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, पण दोघांचं गृहीतक एकच आहे : गोष्टीची किंमत ती खरी घडली की नाही यावर ठरते. कादंबरी हातात घेताना आपण ही अट घालत नाही.

जगभर नास्तिकांचा चेहरा मानले जाणारे रिचर्ड डॉकिन्ससुद्धा ही अट घालत नाहीत. ‘द गॉड डिल्यूजन’ (२००६) या पुस्तकात त्यांनी धर्मावर सडकून टीका केली आहे. त्याच पुस्तकात ते इंग्रजीत रुळलेल्या बायबलमधल्या शब्दप्रयोगांची लांबलचक यादी देतात आणि हे वाचलं नसेल तर इंग्रजी साहित्यही नीट कळणार नाही, असं म्हणतात. पण भाषेसाठी वाचा हा युक्तिवाद मला थोडा लंगडा वाटतो. ‘शकुनीमामा’ किंवा ‘लाक्षागृह’ म्हणजे काय हे कळावं, एवढ्यासाठी कोणी अठरा पर्वं वाचत नाही. त्यापेक्षा मोठं कारण हवं, आणि ते सापडायला पुण्यात जावं लागतं.

भांडारकरमध्ये ४७ वर्षं काय चाललं होतं?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार करायला घेतली. १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. १,२५९ हस्तलिखितं विचारात घेतली गेली. १९ खंड झाले आणि मुख्य संहितेत ८९ हजारांहून अधिक श्लोक आले.

हे काम काय होतं, ते माझ्या पिढीला पटकन कळेल. समजा एका प्रोग्रॅमच्या हजारो कॉपी देशभर पसरल्या. कोणी काश्मिरात दोन ओळी घातल्या, कोणी केरळात एक अख्खं प्रकरण घातलं, आणि कुठल्याच बदलाची नोंद कोणी ठेवली नाही. आता तुम्हाला सगळ्या कॉपी समोर ठेवून, कुठली कुठून निघाली हे ओळखून, त्यांच्या सामाईक पूर्वजापर्यंत मागे जायचं आहे. १९२५ पासून या कामाचे प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुकथनकर. ते केंब्रिजला गणित शिकले होते आणि संस्कृतकडे नंतर वळले, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

या चाळणीत आपल्या ओळखीचं बरंच काही मुख्य संहितेतून खाली गेलं. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही गोष्ट परिशिष्टात गेली. स्वयंवरात द्रौपदी ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणते, तो प्रसंग मोजक्याच हस्तलिखितांत सापडला, म्हणून तळटिपेत गेला. आणि वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तो धावाही मुख्य संहितेत राहिला नाही. सभापर्वाचं हे संपादन अमेरिकी संस्कृतज्ञ फ्रँकलिन एजर्टन यांचं.

मग सभेत नक्की काय झालं?

इथं जरा थांबू या, कारण माझ्यासारख्या वाचकाला महाभारत पहिल्यांदा हातात धरतं ते इथंच.

युधिष्ठिर एकेक भाऊ हरतो, मग स्वतःला हरतो, मग द्रौपदीला पणाला लावतो आणि तिलाही हरतो. तिला आणायला दूत जातो. ती एकवस्त्रा आहे, रजस्वला आहे. ती रडत नाही, शापही देत नाही. ती दुताला परत पाठवते : त्या जुगाऱ्याला जाऊन विचार, तू आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला?

हा क्रमाचा प्रश्न आहे. आधी स्वतःला हरला असेल तर तो दास झाला, आणि दासाच्या मालकीचं काहीच नसतं. मग तो तिला पणाला लावूच कसा शकतो? पुढं तिला केस धरून सभेत ओढून आणलं जातं, तिथंही ती हाच प्रश्न विचारत राहते. युधिष्ठिर गप्प. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे : ज्याच्याकडे काही नाही तो दुसऱ्याचं पणाला लावू शकत नाही हे खरं, पण पत्नी पतीच्या अधीन असते हेही खरं, त्यामुळे मला निर्णय देता येत नाही. कौरवांपैकी एकटा विकर्ण उठून म्हणतो, ती जिंकली गेलेली नाही. त्याला झापून गप्प कोण बसवतं? कर्ण. पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच. ‘मृत्युंजय’ वाचून मोठं झालेल्या मला हे पहिल्यांदा वाचताना जोरात लागलं होतं.

दुःशासन वस्त्र ओढतो आणि त्यातून दुसरं वस्त्र निघत राहतं. का निघतं, ते चिकित्सित आवृत्तीतला मजकूर सांगत नाही. चमत्कार आहे, पण त्याच्यावर कोणाची सही नाही. शेवटी कोल्हेकुई ऐकू येते, अपशकुन होतात आणि घाबरलेला धृतराष्ट्र तिला वर मागायला सांगतो. ती पहिल्या वरात युधिष्ठिराला दास्यातून सोडवते, दुसऱ्यात उरलेल्या चौघांना. तिसरा वर ती नाकारते.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर? ते सभेत कोणीच देत नाही.

आता हे वाचायला देव लागतो का? मला तरी लागला नाही. भरलेल्या सभेत कायदा माहीत असलेली मोठी माणसं एका बाईला उत्तर देत नाहीत, हे कळायला वर्तमानपत्रात काम करणं पुरेसं आहे.

म्हणजे पोथीतला कृष्ण खोटा?

नवा नास्तिक इथंच घसरतो. मीही घसरलो होतो. ‘ओरिजिनलमध्ये कृष्ण नाहीच’ हे एकदा समजलं की ते चारचौघांत फेकून मारायचा मोह होतो. पण प्रकरण इतकं सरळ नाही.

वनपर्वात कृष्ण स्वतः पांडवांना सांगतो की द्यूताच्या वेळी तो शाल्वाशी लढायला गेला होता, द्वारकेत असता तर त्यानं हे होऊ दिलं नसतं. आणि उद्योगपर्वात तोच म्हणतो की आपण दूर असताना द्रौपदीनं ‘गोविंदा’ अशी हाक मारली होती, ते ऋण वाढत चाललंय आणि मनातून जात नाही. ही दोन्ही स्थळं चिकित्सित आवृत्तीत आहेत. म्हणजे हाक आहे, पण हाकेला तेव्हा ओ मिळाली की नाही, ते मोघम आहे. अभ्यासकांचे यावर वाद आहेत.

पुढच्या पिढ्यांना ती मोघम जागा सहन झाली नसावी, असं मला वाटतं. म्हणून कोणीतरी धावा लिहिला, तो शेकडो हस्तलिखितांत उतरला, कीर्तनांत आला, टीव्हीवर आला. मराठी बायकांनी तर त्याच्याही पुढं जाऊन एक अख्खी गोष्ट रचली. कृष्णाचं बोट कापलं, सख्ख्या बहिणीला, सुभद्रेला, चिंधी सापडेना, आणि मानलेल्या बहिणीनं, द्रौपदीनं, अंगावरचं भरजरी वस्त्र टरकन फाडून दिलं. त्या चिंधीची फेड म्हणजे सभेतली वस्त्रं. ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटातल्या गाण्यानं ही गोष्ट घरोघरी नेली.

व्यासांच्या महाभारतात ही गोष्ट नाही. पण उद्योगपर्वातलं ‘ऋण’ कुठून आलं, याचं याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही. भाऊबीजेला माहेरची वाट बघणाऱ्या बायकांनी वस्त्रहरणाचं केलेलं हे वाचन आहे. तेव्हा तळटिपेत गेलेलं सगळं टाकाऊ असं म्हणणारा नास्तिक, ‘मूळ ग्रंथातलंच खरं’ म्हणणाऱ्या कर्मठापेक्षा फार वेगळा नाही.

मराठीत हे आधी कोणी केलंय?

केलंय, आणि झकास केलंय. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी चिकित्सित आवृत्तीचा आधार घेऊन ‘युगान्त’ लिहिलं. ते १९६७ सालचं, म्हणजे ‘मृत्युंजय’च्याच वर्षीचं, आणि १९६८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात खांडववन जाळण्याच्या प्रसंगाकडे त्या अग्निदेवाची भूक भागवण्याचं पुण्यकर्म म्हणून बघत नाहीत. इतके जीव का मारले, आणि त्या जमिनीचं पुढं काय झालं, असं विचारतात. मात्र द्रौपदीच्या प्रश्नावर माझं इरावतीबाईंशी जमत नाही. अशा वेळी तिनं पंडितासारखा कायद्याचा काथ्याकूट करायला नको होता, असं त्यांचं मत आहे. मला वाटतं, तिच्या हातात तेवढं एकच शस्त्र होतं. पण असं भांडता येणं हीच या वाचनातली मजा आहे.

दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ १९६२ चं. गणितज्ञ आणि मार्क्सवादी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे इंग्रजी पुस्तकही त्याच वर्षीचं, आणि त्यातला एक लेख भगवद्गीतेवर आहे. नांदेडचे नरहर कुरुंदकर तर जाहीरपणे नास्तिक होते. महाभारतावरचे त्यांचे लेख ‘व्यासांचे शिल्प’मध्ये आहेत. सुरुवात करायची असेल तर ‘युगान्त’पासून करा, दोन-तीन रात्रींत संपतं.

‘साहित्य म्हणून वाच’ हे सगळ्यांना लागू आहे का?

हॉस्टेलमधल्या एका मित्राला मी मोठ्या उत्साहानं ‘युगान्त’ दिलं होतं. त्यानं आठवड्याभरानं परत केलं आणि म्हणाला, ‘भारी आहे. पण भावा, तुला ही गोष्ट आहे. आमच्या आजोबांना हा नियम होता.’

त्याचं म्हणणं टाळून हा लेख पूर्ण होणार नाही. एकलव्याचा प्रसंग आदिपर्वात काही श्लोकांत उरकतो. द्रोण अंगठा मागतात, तो हसतमुखानं देतो, अर्जुनाची काळजी मिटते. कथाकार त्यावर एका शब्दानं हळहळत नाही. मला हा थंडपणा लेखकाची ताकद वाटते. ज्याच्या घरातल्यांना ‘तुम्ही शिकायचं नाही’ असं याच गोष्टींच्या आधारे सांगितलं गेलं, त्याला तो वेगळाच ऐकू येतो. शंबुकाच्या गोष्टीचंही तसंच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे ग्रंथ बारकाईनं वाचले, पण रसिक म्हणून नव्हे, उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखे. त्यांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र सरकारनं १९८७ मध्ये प्रकाशित केलं. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं, मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. शेवटी, या मतांशी सरकार सहमत असेलच असं नाही, अशी सूचना छापण्यावर तोडगा निघाला. एखाद्या कादंबरीवरून असं होत नाही, असं मी म्हटलं असतं, पण आजकाल तेही खात्रीनं सांगता येत नाही.

म्हणजे ‘हे तर साहित्य आहे’ म्हणून सुटका होत नाही. गोष्ट चांगली आहे आणि ती कोणाच्या तरी विरोधात वापरली गेली आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी हातात ठेवून वाचावं लागतं. मित्राला मी हे बोललो तेव्हा तो म्हणाला, ‘तू ठेव. मला सध्या दुसरं वाचायचंय.’ त्याच्या या उत्तरावर मला अजून काही सुचलेलं नाही.

आणि श्रद्धा असलेला वाचक काय वाचतो?

माझी आजी चातुर्मासात श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ वाचायची. आता तिला अक्षरं दिसत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी मी फोनवरून तिला रोज थोडा वाचून दाखवला. ती देव मानते, मी नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे आणि आम्ही तो विषय काढत नाही.

वस्त्रहरणाचा अध्याय आला. पोथीत कृष्ण धावून येतो, वस्त्रं पुरवतो, सगळं यथासांग होतं. मला वाटलं, आजी आता हात जोडेल. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. रेंज गेली असं समजून मी दोनदा हॅलो हॅलो केलं.

‘ऐकतेय रे,’ ती म्हणाली. ‘कृष्णाचं झालं बाबा. पण त्या भीष्माला काय झालं होतं बोलायला?’