घरचे आयते

देशावर ज्यास धिरडें व कोकणांत घावन म्हणतात, त्याच जातीचा आमच्या मूलकडील तांदळाचा पदार्थ म्हणजे आयते. नांव आयते खरें. पण सुपाशीं व जात्याशीं खपल्यावांचून ते पानांत पडत नाहींत!

शेतकरी बंधूंस आमचें सांगणें कणीविषयीं आहे. आमच्याच जिल्ह्यांत, नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवीं, दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं वेगळ्या दिसलेल्या लोंब्या हेरून पुढें 'एचएमटी' हें बारीक धान सिद्ध केलें. असा तांदूळ भाव खातो. तो अवश्य विकावा. परंतु भरडतांना मोडलेली कणी स्वस्तांत देऊन टाकावी आणि त्याच पैशांत मुलांस मैद्याचीं बिस्किटें आणावीं, हा व्यवहार आम्हांस पटत नाहीं. महसुली कारकुनींत जन्म गेला. जमाखर्च पाहण्याची खोड जात नाहीं.

कणी धुवून, वाळवून दळावी. मीठ व पाणी घालून पीठ ताकासारखें पातळ करावें. तांदळास गव्हाचा चिवटपणा नाहीं, म्हणून तें ओततांच पसरलें पाहिजे. पीठ तळाशीं बसतें, यास्तव दर वेळीं ढवळावें. लोखंडी तवा चांगला तापवून कांद्याच्या फोडीनें तेल फिरवावें. तवा थंड असल्यास जाळी पडत नाहीं. झांकण ठेवून वाफ द्यावी.

तांदळांत प्रथिनें थोडीं, तेव्हां जोडीस दाट वरण असावें. वांग्याचा रस्सा असल्यास उत्तमच. गार झालेले आयते वातड होतात. करणारीनें शेवटीं एकटीनें गार खावे, ही रीत मात्र मोडावी. तव्यापाशीं आळीपाळीनें बसावें.