वजन आपोआप घटतंय? अंगावर काढू नका



विहारात भेटलेल्या ताईंना कुणी म्हणतं, "बारीक झालात, छान दिसताय." ताई हसतात. पण ब्लाउज ढिला झालाय, बांगड्या हातातून निसटतात आणि जेवण तर मुद्दाम कमी केलेलं नाही. "कामाच्या दगदगीनं उतरलं असेल," म्हणत महिने निघून जातात. सातारा-सांगलीच्या वस्त्यांत फिरताना हे मला वारंवार दिसतं.

हिशेब सोपा आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन शंभरात पाच भागांनी घटलं, तर तपासणी हवीच. म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 3 किलो, 40 किलोच्या बाईचे 2 किलो.

सोबत काय होतंय ते पाहा:

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम: टीबी असू शकतो.
• सारखी तहान, वारंवार लघवी: साखर तपासा.
• छातीत धडधड, हात थरथरणं: थायरॉईड तपासा.
• तोंडातली न भरणारी जखम, गिळताना घास अडकणं, शौचातून रक्त, अंगावर गाठ: कॅन्सरची तपासणी करा. मिश्री-तंबाखू खाणाऱ्यांनी तर लगेच.
• झोप नाही, जेवणावरची वासना उडाली, मन उदास: हाही आजारच आहे, नखरे नव्हेत.

खोकल्यातून रक्त पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपण देवऋषीकडे जात नाही, पण सलाईनवर तसाच भरवसा ठेवतो. ग्लुकोजच्या नेहमीच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. त्यानं आजार सापडत नाही. मधुमेह असेल तर साखर आणखी चढते.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. पुढं साताऱ्याचं, सांगलीचं किंवा मिरजेचं सरकारी रुग्णालय आहे. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात जमा होतात. नोंदणी करताना आधार आणि पासबुक न्या.

"मुलीचं लग्न ठरणार नाही" म्हणून टीबी लपवू नका. नेहमीचा टीबी सहा महिन्यांच्या पूर्ण उपचारानं बरा होतो. लपवला तर घरातल्या लेकरांना लागतो. आजारात लाज कसली? बाबासाहेबांनाही मधुमेह होता.

दर पौर्णिमेला घरातल्या सगळ्यांचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तारीख आणि आकडा डॉक्टरांना दाखवा. "अशक्तपणा आहे" एवढं सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.