लँडलाइनमध्ये साठवलेला नंबर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातल्या वायरच्या फोनवर एक बटण दाबले की मुलीचा, डॉक्टरांचा किंवा वॉचमनचा नंबर लागतो. ज्येष्ठ मंडळी एकटी राहतात अशा घरांत ही सोय आजही मोलाची आहे. मात्र तिच्याबद्दलचे गैरसमज इतके पक्के आहेत की ऐनवेळी फोन लागत नाही आणि खापर लाइनवर फुटते. बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच आहे. फोनमध्ये साठवलेला नंबर म्हणजे बटणे दाबण्याचा एक क्रम, एवढेच. तो क्रम फोन जसाच्या तसा पुन्हा दाबतो. नंबर कोणाचा आहे, कुठल्या गावचा आहे, नियम बदलला आहे का, यातले त्याला काहीही कळत नाही. ही एक गोष्ट नीट समजली तर पुढचा सगळा गुंता सुटतो.

पहिला गैरसमज असा, की नंबर टेलिफोन कंपनीकडे साठतात, त्यामुळे इन्स्ट्रुमेंट बदलले तरी ते राहतील. वस्तुस्थिती उलट आहे. नंबर इन्स्ट्रुमेंटच्या आतल्या चिपमध्ये असतात. नवा फोन आणला की सगळे नंबर पुन्हा भरावे लागतात. कंपनी बदलली पण फोन तोच ठेवला, तर ते टिकतात. यावर कोणी म्हणेल की एक्स्चेंजकडूनही अशी सोय मिळत असे. ते खरे आहे. हॉटलाइन सेवेत रिसीव्हर उचलून काही सेकंद काहीच डायल केले नाही, तर आधी ठरवून दिलेला नंबर आपोआप लागतो. पण ती एक्स्चेंजची सेवा आहे आणि मागणी करून घ्यावी लागते. फोनवरच्या मेमरी बटणाशी तिचा संबंध नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळेच ‘नंबर कंपनीकडे आहेत’ हा समज रुजला असावा.

दुसरा गैरसमज विजेबद्दलचा. वीज गेली की नंबर पुसले जातात, असे अनेकांना वाटते. तांब्याच्या तारेवरच्या लाइनला एक्स्चेंजकडूनच सुमारे 48 व्होल्टचा डीसी पुरवठा असतो आणि साधा फोन त्यावरच चालतो. घरातल्या विजेशी त्याला देणेघेणे नसते. नंबर टिकतात की नाही, हे फोनच्या बनावटीवर ठरते. काही फोनची मेमरी कोणत्याही पुरवठ्याविना शाबूत राहते, तर काहींची लाइनच्या किंवा आत घातलेल्या सेलच्या आधारावर टिकते. दुसऱ्या प्रकारात सेल संपले असताना वायर काढून ठेवली तर नंबर जाऊ शकतात. म्हणून सेल बदलण्यापूर्वी माहितीपुस्तिका पाहावी आणि नंबर कागदावर उतरवून घ्यावेत. फायबरच्या जोडणीत प्रकार आणखी वेगळा आहे. तिथे फोन घरातल्या फायबर मोडेमला जोडलेला असतो आणि मोडेम घरच्या विजेवर चालतो. वीज गेली आणि मोडेमला बॅकअप नसेल, तर डायल टोनच येत नाही. नंबर जागेवर असतात, लाइन बंद असते. अशा वेळी नंबर पुन्हा भरत बसण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो शून्याचा. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना दहा आकड्यांच्या आधी 0 लावणे 15 जानेवारी 2021 पासून देशभर आवश्यक झाले. मोबाइल सेवेसाठी नव्या क्रमांकांना जागा करणे हा त्यामागचा हेतू होता. या बदलामुळे सुमारे 254 कोटी क्रमांक उपलब्ध होतील, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा हिशेब होता. त्याआधी शून्याविना साठवलेले नंबर मात्र आपोआप बदलले नाहीत, बदलणे शक्यही नव्हते. फोन जुनाच क्रम पाठवतो आणि कॉल अडतो. मग ‘मोबाइलमध्ये +91 लावून साठवलेला नंबर कुठूनही लागतो, इथे का नाही?’ असा प्रश्न येतो. मोबाइलवरच्या अधिक चिन्हाचा अर्थ नेटवर्क लावते. साध्या लँडलाइनच्या बटणांवर ते चिन्हच नसते. तिथे प्रत्येक आकडा आपणच द्यायचा असतो. परदेशातल्या मुलाचा नंबर साठवताना 00, मग देशाचा कोड, मग पुढचे आकडे असा पूर्ण क्रम हवा. हेच गावोगावच्या कोडचे. पुण्यात साठवलेला स्थानिक आठ आकडी नंबर तोच फोन मुंबईत नेऊन दाबला, तर एक्स्चेंज तो मुंबईचाच समजेल. फोनची जागा बदलली की नंबरांच्या आधी 0 आणि एसटीडी कोड जोडून ते पुन्हा साठवावे लागतात.

‘बटण दाबून बँकेला फोन लागतो, पण पुढे एक दाबा, दोन दाबा चालत नाही’ ही तक्रारही साठवलेल्या नंबराच्या माथी मारली जाते. ती बहुधा पल्स आणि टोनची असते. पल्समध्ये लाइन क्षणभर तोडून आकडा मोजला जातो, पाचासाठी पाच वेळा, शून्यासाठी दहा वेळा. टोनमध्ये प्रत्येक आकड्यासाठी दोन स्वर एकदम जातात आणि बँकेची यंत्रणा तेच ओळखते. फोनवरचा स्विच टी वर ठेवला की अडचण संपते. ऑफिसच्या इंटरकॉमवरून बाहेरची लाइन घ्यायला आधी 0 किंवा 9 दाबून क्षणभर थांबावे लागते. हे थांबणेही साठवावे लागते, त्यासाठी पॉजचे बटण असते; नाहीतर पुढचे आकडे हरवतात.

रीडायल हा साठवलेला नंबर नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. तो फक्त शेवटचा डायल केलेला नंबर. घरातल्या कोणीही मध्ये एक फोन केला की तो बदलतो, म्हणून तातडीच्या वेळी त्यावर विसंबू नये.

हातोहाती मोबाइल असताना या बटणांची गरज काय, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण नजर अधू झालेल्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसाला स्क्रीन उघडून नाव शोधण्यापेक्षा ठरलेल्या जागी असलेले मोठे बटण सोपे जाते. अट एकच, त्यामागचा क्रम बरोबर हवा. तेव्हा घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवरचे प्रत्येक मेमरी बटण आजच एकदा दाबून पाहा. मोबाइल नंबरांना 0 आहे ना, याची खात्री करा. कोणत्या बटणावर कोण, हे ठळक अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवा आणि त्याच कागदावर 112 हा तातडीचा क्रमांकही लिहा.