माशांच्या उवा : दिसतात माशावर, वाढतात दगडावर



गाईच्या अंगावरची गोचीड उपटून काढली, तरी काही दिवसांनी ती पुन्हा लागते. हे तुम्हांला कोणी सांगायला नको. जाणता शेतकरी अशा वेळी नुसती गाय तपासत बसत नाही. तो गोठ्याच्या भिंतीतल्या फटीही तपासतो. कारण रक्त पिऊन फुगलेली गोचीड खाली पडते आणि अंडी घालते ती गाईवर नव्हे, गोठ्याच्या फटीत. माशांनाही अशीच एक गोचीड असते म्हणा ना! तिला माशांची ऊ म्हणतात. शास्त्रज्ञांनी तिला आर्ग्युलस असे नाव दिले आहे. शेततळ्यातल्या रोहू-कटल्यांना ती लागते आणि शाळेतल्या काचेच्या टाकीतल्या गोल्डफिशलाही लागते.

राज्यात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि कोरडवाहू गावांतही शेततळी दिसू लागली. पाणी आहे तर त्यात मासेही सोडू, असा विचार अनेकांनी केला. विचार चांगला आहे. पण मासे पाण्याखाली असतात. बैल आजारी पडला तर चारा सोडतो, ते डोळ्यांना दिसते. माशाचे दुखणे तसे दिसत नाही. म्हणून आधी ओळख करून घेऊ.

ओळखायचे कसे?

उवा झालेला मासा अस्वस्थ होतो. अंगाला खाज सुटलेली म्हैस जशी खांबाला अंग घासते, तसा तो काठाच्या दगडांना, बांबूला अंग घासतो. मध्येच पाण्याबाहेर उसळी मारतो. खाणे कमी करतो, त्यामुळे वाढ खुंटते. मासा हातात घेतला तर खवल्यांवर, परांच्या बुडाशी लाल ठिपके दिसतात. काही खवले गळालेले असतात.

आता त्याच जागी नीट पाहा. मसुराच्या डाळीएवढी, चपटी, वाटोळी, जवळजवळ पारदर्शक अशी एक चकती चिकटलेली दिसेल. प्रथम ती खवल्यासारखीच वाटते. पण बोटाने जरा ढकलली की ती सरकते! खवला काही सरकत नाही. सरकली की समजा, ऊ आहे.

नावाने ऊ असली, तरी ती आपल्या डोक्यातल्या उवांच्या जातीची नव्हे. ती कीटकच नाही. ती आहे खेकडा-कोळंबीच्या गणगोतातली. भिंगातून पाहिले तर तिला पोहण्यासाठी पायांच्या चार जोड्या दिसतात आणि खालच्या अंगाला दोन वाटोळ्या चूषक वाट्या दिसतात. या वाट्यांनी ती माशाला घट्ट धरते, आणि सुईसारखी नळी कातडीत खुपसून रस-रक्त शोषते. त्या जखमेतून मग जंतू शिरतात, बुरशी येते. पुष्कळदा मासा दगावतो तो उवेने नव्हे, तर उवेने उघडलेल्या दारातून आत आलेल्या रोगाने.

सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या दुखण्यांशी मात्र गल्लत करू नका. माशाच्या अंगातून दोऱ्यासारखा, एक-दोन सेंटिमीटर लांबीचा तंतू बाहेर लोंबत असेल आणि तो ओढूनही सहज सुटत नसेल, तर ती ऊ नव्हे. तो लर्निया. त्याचे डोके नांगरासारखे मांसात रुतलेले असते. अंगभर मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके असतील, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. आणि भल्या पहाटे सगळेच मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर बहुधा पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे. तिथे आधी पाणी खेळते करा, पंप लावा. उवांचा विचार मागाहून.

खरी मेख अंड्यांत

उवेची मादी अंडी घालायची वेळ आली की मासा सोडते आणि पोहत जाते. तिला हवी असते कडक जागा : दगड, बांबू, पाणवनस्पतींचे देठ, टाकीची काच, तळ्याचे प्लास्टिकचे अस्तर. तिथे ती ओळीओळीने अंडी चिकटवते. एका खेपेला दहा-वीस नव्हे, शेकड्यानेही अंडी असू शकतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात साधारण दोन ते तीन आठवड्यांत ती फुटतात. पाणी थंड असेल तर अधिक दिवस लागतात. बाहेर पडलेले पिल्लू लगेच मासा शोधू लागते. काही दिवसांत मासा मिळाला नाही, तर ते मरते.

आता तुमच्या ध्यानात आले असेल. आज माशांवरच्या उवा काढल्या, मासे स्वच्छ झाले, मन निवांत झाले. पण दगडांवरची अंडी तशीच राहिली. तीन आठवड्यांनी पुन्हा ‘पहिले पाढे पंचावन्न’! मग माणूस म्हणतो, “औषधच खोटं निघालं.” औषध खोटे नव्हते, अर्धेच काम झाले होते.

उपाय

पहिला उपाय अगदी स्वस्त आहे. उवेला कडक जागा हवी ना? ती आपणच तिला द्यावी. बांबूचे तुकडे किंवा जुन्या फळ्या दोरीला बांधून तळ्यात सोडाव्यात. काही पृष्ठभागाजवळ, काही हात-दोन हात खोल. दर आठ दिवसांनी त्या बाहेर काढाव्यात. अंड्यांच्या पिवळट-तपकिरी ओळी दिसतील. त्या खरवडून फळी कडक उन्हात पूर्ण वाळवावी आणि पुन्हा सोडावी. आठ दिवसच का? कारण अंडी फुटण्याआधी फळी बाहेर आली पाहिजे. महिनाभर विसरलात, तर आपणच उवांचे पाळणाघर चालवल्यासारखे होईल! तळ्यात विनाकारण पडलेले बांबू, फांद्या, दगडही काढून टाकावेत, म्हणजे मादी आपल्या फळीकडेच येईल.

दुसरा उपाय मिठाचा. थोडे मासे असतील किंवा नवे बीज आणले असेल, तर १ लिटर पाण्याला ३० ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम साधे मीठ विरघळवावे. त्यात मासे ३ ते ५ मिनिटे ठेवावेत. समोरून हलू नये. मासा आडवा होऊ लागला की वेळ पुरी झालेली नसली, तरी लगेच चांगल्या पाण्यात सोडावा. बऱ्याच उवा या पाण्यात सुटून पडतात. ते पाणी तळ्यात ओतू नका, लांब मोकळ्या जमिनीवर फेका. नाहीतर सुटलेली ऊ परत घरी जाईल.

तिसरा उपाय उन्हाळ्याचा. मासे विकून झाले, तळ्याचे पाणी आटले, की ते पुरते सुकू द्यावे. अस्तराचे तळे असेल तर कडा खराट्याने घासाव्यात, मात्र अस्तर फाटू देऊ नये. वैशाखाचे ऊन आपल्याला फुकट मिळते आणि अंडी मारायला त्यासारखे दुसरे काही नाही.

चौथी गोष्ट गर्दीची. मासे दाटीने असले की उवेला पुढचा मासा शोधावा लागत नाही. मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी साधारण ५ ते १० हजार बोटुकली सोडतात. ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद तळे म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यात ४५० ते ९०० बोटुकली झाली. त्याहून अधिक सोडली म्हणजे अधिक मासे मिळतील, हा हिशेब कागदावरच खरा ठरतो.

फवारणीचे औषध तळ्यात टाकावे का?

हा प्रश्न हमखास येतो. “कपाशीवरचं औषध घरात आहे, झाकणभर टाकलं तर?” बंधूंनो, टाकू नका. जुन्या पुस्तकांत माशांच्या उवांसाठी गॅमेक्झिन सांगितलेले असे. त्यातल्या बीएचसी या विषावर १९९७ पासून देशात बंदी आहे. डायक्लोरव्हॉसवरही ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. आजची पिकांवरची अनेक कीटकनाशके तर माशांनाच फार विषारी आहेत. शिवाय ऊ ही कोळंबीच्या कुळातली, हे मघाशी सांगितले. जे विष तिला मारते, ते पाण्यातल्या तिच्या बारीक भाऊबंदांनाही मारते. आणि हेच बारीक जीव कटल्याचे अन्न! म्हणजे उवेवर मारलेले विष शेवटी कटल्याच्या ताटावर पडते, आणि पुढे आपल्याही. प्रादुर्भाव फारच वाढला, तर खाद्यातून देण्याची औषधे आहेत. पण कोणते, किती, आणि नंतर मासा किती दिवस विकायचा नाही, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारून मगच करावे.

एक भीती मात्र मनातून काढा. ही ऊ माणसाला लागत नाही. स्वच्छ धुऊन, नीट शिजवलेला मासा खायला हरकत नाही.

शिक्षकांसाठी

शाळेच्या टाकीत ऊ दिसली, तर ती आपत्ती न मानता विज्ञानाचा तास समजा. हात ओले करून मासा अलगद धरा, चिमट्याने ऊ काढा आणि पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीत सोडा. मुलांना भिंगातून चूषक वाट्या, पाय, दोन काळे डोळे पाहू द्या. ती कशी भिरभिर पोहते, हे पाहिल्यावर ‘माशावरून माशावर कशी जाते?’ हा प्रश्न मुले विचारणारच नाहीत. मग टाकीची काच, नळी, दगड, शंख यांवर अंड्यांच्या ओळी शोधायला लावा. मासे तात्पुरते दुसऱ्या टबात हलवून टाकी आणि दगड घासून १५ दिवस उन्हात कोरडे ठेवा. पुढे नवा मासा आला, की त्याला तीन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवून मगच टाकीत सोडा. नवी पाणवनस्पती असेल, तर तिचे देठही तपासा. अंडी तिच्यावरूनही येतात.

मोठ्या मुलांकडून गावातल्या एखाद्या तळ्याची नोंदवही करून घेता येईल. महिन्यातून एकदा फेकजाळ्यात आलेले २० मासे पाहायचे, किती माशांवर उवा आहेत ते लिहायचे. गेल्या महिन्यात दोन, या महिन्यात सात असे दिसले, तर तळ्याचा मालक वेळीच जागा होईल. मासे मरू लागल्यावर जागे होण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

तेव्हा एवढे लक्षात असू द्या : मासा अंग घासू लागला, की मासा पाहा, आणि मासा पाहून झाला, की दगड पाहा.