काजळी पांढरी चमकते तेव्हा

बाळ रडलं की खोलीतले सगळे डोळे बाळाकडे वळतात. वार मागाहून पडते. ती पूर्ण पडली ना, एवढं पाहिलं की तिचं काम संपलं. खेड्यांत ती पुरतात, इस्पितळात ती पिवळ्या पिशवीतून जाते. नऊ महिने बाळाचं फुप्फुस, आतडं आणि मूत्रपिंड बनून राबलेल्या या अवयवाला इतका कोरडा निरोप मिळावा, याचं मला नेहमी वाईट वाटत आलं आहे.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात मात्र पाच जणींची वार जपून ठेवली होती. पाचही जणी लंडनमध्ये राहणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या. बाळंतपण ठरवून केलेल्या सिझेरियननं झालेलं, बाळं ठणठणीत. लिसा मियाशिता आणि नॉरिस लिऊ या संशोधिका त्या वारेत हवेतली काजळी शोधत होत्या.

शोधायचं कुठे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या गटातले बालरोगतज्ज्ञ जोनाथन ग्रिग यांनी 2006 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या निरोगी मुलांचा कफ तपासला होता. शरीरात भक्षक पेशी असतात. जंतू दिसला की गिळायचा, धूळ दिसली की गिळायची, हे त्यांचं काम. मुलांच्या श्वासमार्गातल्या या पेशींच्या पोटात काळा कार्बन सापडला. आणि कार्बन जितका जास्त, तितकी फुप्फुसांची ताकद कमी दिसली. वारेतही भक्षक पेशी असतात. मग त्यांच्या पोटात काय असेल?

दोघींनी सुमारे 3,500 पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांतल्या 60 पेशींमध्ये मिळून 72 काळे ठिपके होते. पॅरिसच्या श्वसनविज्ञान परिषदेत सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी ते जगापुढे ठेवले.

पण काळा ठिपका म्हणजे काजळीच, हे कशावरून?

ही शंका खोडसाळ नव्हती, कारण पणाला लागली होती ती आई आणि बाळ यांच्यामधली एक जुनी भिंत. पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1953 मध्ये एक कोडं घातलं होतं. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं. परक्या माणसाची कातडी लावली तर शरीर ती फेकून देतं, मग पोटातलं बाळ नऊ महिने कसं सांभाळतं? मेडावरनं सुचवलेल्या उत्तरांपैकी एक होतं, दोघांमधला शारीरिक आडोसा. पुढे कळलं की आडोसा हे अर्धंच उत्तर आहे. आईच्या पहारेकरी पेशी बाळाला ओळखतात आणि आपणहून सबुरीनं घेतात. जंतूंवर तुटून पडायचं पण बाळाला धक्का लावायचा नाही, असा हा नाजूक तोल. अशा ठिकाणी काजळी शिरत असेल तर ती पाहुणी म्हणून नक्कीच येत नाही.

पुरावा आला बेल्जियममधून. हासेल्ट विद्यापीठात हानेलोरे बोव्हे यांनी काजळी ओळखायची वेगळीच युक्ती हाती घेतली होती. लेसरचे अतिसूक्ष्म ठोके पेशीवर टाकायचे. प्रत्येक ठोका फेम्टोसेकंदांचा, आणि एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. डोळ्याला न दिसणारा हा अवरक्त प्रकाश काजळीच्या कणावर पडला की कण त्याच क्षणी पांढरा चमकतो. पेशीही थोड्या उजळतात, पण त्यांचा रंग आणि वेळ वेगळी. रंग लावायला नको, कण धुऊन काढायला नको. काळ्यात काळं असलेली काजळी स्वतःच दिवा लावून आपला पत्ता सांगते. या शोधातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

वार आली शेजारच्या गेंक शहरातल्या प्रसूतिगृहातून. गेंक एकेकाळी कोळशाच्या खाणींचं गाव. रोगपरिस्थितीतज्ज्ञ टिम नावरो यांच्या गटानं तिथल्या माता आणि नवजात बाळांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. नमुने घेतले ते वारेच्या बाळाकडच्या बाजूचे. तपासलेल्या प्रत्येक वारेत चमकणारे कण होते. बारा आठवड्यांतच संपलेल्या एका गर्भारपणाच्या वारेतसुद्धा.

मग वीस जणींची तुलना झाली. ज्यांच्या घराभोवतीच्या हवेत काजळी सरासरी 2.42 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होती, अशा दहा जणींच्या वारेत दर घनमिलिमीटरला सुमारे 20,900 कण. जिथे ती 0.63 होती, तिथल्या दहा जणींत सुमारे 9,500. धूम्रपान कुणीच करत नव्हतं. आकडा ठरवत होता घराचा पत्ता. सप्टेंबर 2019 मध्ये हे प्रसिद्ध झालं. डिझेलच्या नळकांड्यातून, कोळशातून, आपल्याकडच्या सरपणाच्या चुलीतूनही याच जातीची काजळी निघते.

जंतू गिळला की भक्षक पेशी तो पचवून टाकते. कार्बन तिला पचत नाही. काजळी पोटात घेऊन पेशी बसून राहते, आणि असा न संपणारा ऐवज दाहाचे संदेश चालू ठेवू शकतो. कॅलिफोर्नियातल्या बायकांच्या रक्तावरचा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जणी गरोदर होत्या, काही नव्हत्या. हवेतले बारीक कण वाढले त्याबरोबर इंटरल्युकिन-8 आणि इंटरल्युकिन-18 यांसारख्या दाहाशी संबंधित रेणूंची पातळीही बदललेली दिसली. शिवाय रोगप्रतिकारक पेशींतला डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा बदललेल्या होत्या. कुठलं जनुक उघडं ठेवायचं, कुठलं मिटायचं, हे ठरवण्यात या खुणांचा हात असतो. हा संबंध आहे, कार्यकारणाचा शेवटचा शब्द नव्हे. पण गर्भारपणातला तोल याच पेशी राखतात, आणि म्हणून ही नोंद मला अस्वस्थ करते.

त्याच्या दोन वर्षं आधी हासेल्टची मंडळी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या शास्त्रज्ञांबरोबर आणखी आत गेली होती. बेल्जियममधल्या 60 माता आणि त्यांच्या बाळांमध्ये दिसलं की आईच्या रक्तात कण जास्त, तर नाळेच्या रक्तातही जास्त. ॲबर्डीनमध्ये गर्भपातानंतर जपलेल्या 36 गर्भांच्या ऊतींवर तोच लेसर फिरला. आयांपैकी कुणीही धूम्रपान करत नव्हतं. यकृतात पांढरे ठिपके चमकले. मेंदूत चमकले. आणि एकदाही श्वास न घेतलेल्या फुप्फुसांतही.