‘कृपया प्रतीक्षा करा’ : चक्र फिरत असताना अर्ज कुठे असतो?

जुलैचा शेवटचा आठवडा आला की बीड जिल्ह्यात पीक विमा भरण्यासाठी सीएससी केंद्रांवर झुंबड उडते. पिशवीत सातबारा, पासबुक, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. आणि समोरच्या स्क्रीनवर गोल फिरणारे चक्र. एक रुपयात विम्याच्या पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. २०२५ मध्ये ती १४ ऑगस्टपर्यंत गेली. पण मुदतवाढ मिळेलच, या भरवशावर कोणी पीक सोडत नाही. त्यामुळे चक्र थांबले की पहिला हात जातो तो ‘रिफ्रेश’वर. नेमके तिथेच बिघडते.

‘सबमिट’ दाबल्यावर माहिती सर्व्हरकडे जाते. आधार, बँक खाते, जमिनीची नोंद अशा गोष्टी वेगवेगळ्या यंत्रणांकडून तपासायच्या असतील, तर सगळ्यात संथ यंत्रणा उत्तर देईल तेव्हाच काम पुढे सरकते. या वेळात अर्जदाराला काय दाखवायचे, याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे काम संपेपर्यंत ब्राउझरला तसेच ताटकळत ठेवणे. मधल्या यंत्रणेची वाट पाहण्याची मर्यादा ठरलेली असते, बऱ्याचदा ६० सेकंद. ती संपली की ‘५०४ गेटवे टाइमआउट’ झळकते. याचा अर्थ अर्ज बुडाला असा नाही. उत्तर वेळेत आले नाही, एवढाच. मागे अर्जाची नोंद होऊनही गेलेली असू शकते.

दुसरा मार्ग बँकेतल्या टोकनसारखा. सर्व्हर अर्ज ताब्यात घेतो, लगेच क्रमांक देतो आणि प्रतीक्षेचे पान दाखवतो. ते पान दर काही सेकंदांनी स्वतःच ‘झाले का?’ असे विचारत राहते आणि काम झाले की पावती उघडते. ‘स्वीकारले, काम बाकी आहे’ असे सांगणारा २०२ हा वेगळा संकेतच इंटरनेटच्या नियमांत आहे. वीज गेली, रेंज गेली, तरी क्रमांक हातात राहतो. सरकारी अर्जांसाठी खरे तर हाच मार्ग हवा.

फिरणाऱ्या चक्रावर मात्र फार विश्वास ठेवू नये. ते निव्वळ चित्र असते आणि आपल्याच फोनमध्ये फिरते. पलीकडे सर्व्हर बंद पडला तरी ते फिरतच राहते. किती काम झाले हे दाखवणारी पट्टी लोकांना अधिक पसंत पडते, असे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच प्रयोगातून दाखवले होते. साधारण १० सेकंदांनंतर माणसाचे लक्ष उडते, असे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन सांगतात. मुदतीच्या रात्री ताटकळणाऱ्याचे लक्ष उडत नाही, जीव तेवढा उडतो.

गर्दी अचानक उसळली की प्रश्न आणखी वाढतो. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसनोंदणी खुली झाली आणि ‘कोविन’ सुरुवातीलाच अडखळले. तरी त्या दिवशी एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. अशा वेळी दारातच रांग लावून पेलतील तेवढ्यांनाच आत सोडणे, हा उपाय असतो. रिफ्रेश दाबणारा माणूस ही गर्दी स्वतःच वाढवतो, कारण आधीची विनंती सर्व्हरवर बहुधा तशीच सुरू राहते आणि नवी तिच्यामागे उभी राहते. ओटीपीचेही तसेच. ‘पुन्हा पाठवा’ दाबले की आधीचा ओटीपी बहुतेक ठिकाणी बाद होतो आणि उशिरा आलेला जुना आकडा टाकून उपयोग नसतो.

पान अडकले तर आधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावा. मग दुसऱ्या खिडकीत अर्जाची स्थिती तपासावी, एसएमएस आला का पाहावे. नोंद नसेल तरच अर्ज पुन्हा भरावा. ‘फॉर्म पुन्हा सबमिट करायचा का?’ असे ब्राउझरने विचारले, तर ‘रद्द करा’ निवडावे. ‘होय’ म्हटल्यास तीच माहिती दुसऱ्यांदा जाते, कधी पैसेही.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर दुसऱ्यांदा भरण्याची घाई नको. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने व्यापाऱ्याला केलेल्या अशा अडकलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाच्या खात्यात जमा व्हावी लागते, आणि त्यासाठी तक्रारीची वाट पाहिली जाऊ नये, असेही त्यात म्हटले आहे.