ऐकून झाल्यावर काय? पॉडकास्ट आणि तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी

आजचा विषय तरुण मित्रांनी सुचवला. विद्यापीठातली मुलं बसमध्ये, खोलीवर स्वयंपाक करताना, इतिहास, समाज, संस्कृती यांवरचे पॉडकास्ट ऐकतात. याला शिक्षण म्हणायचं का?

आधी एक कबुली देतो. मागे एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारलं, "सर, तुम्ही इब्न सीना का शिकवला नाहीत?" तिने पीटर अ‍ॅडमसन या प्राध्यापकांची मालिका ऐकली होती. २०१० साली त्यांनी ती सुरू केली. एकेक भाग साधारण वीस मिनिटांचा. नियम एकच: मधलं काही गाळायचं नाही. पुढे जोनार्दन गणेरी यांच्यासोबत त्यांनी भारतीय तत्त्वज्ञानावरही भाग केले.

आम्ही मात्र गाळत होतो. अ‍ॅरिस्टॉटल संपला की थेट देकार्त. मधे जवळजवळ एकोणीसशे वर्षं! जणू तेवढा काळ कोणी विचारच केला नाही.

आता इब्न सीना (इ.स. ९८०–१०३७) काय म्हणतो पाहा. कल्पना करा, एक पूर्ण वाढ झालेला माणूस अधांतरी निर्माण झाला आहे. डोळे झाकलेले, कानावर काही नाही, हातपाय एकमेकांना लागत नाहीत. शरीराची जाणीव नाही. तरी आपण आहोत हे त्याला कळेल का? कळेल, असं इब्न सीनाचं उत्तर आहे. सुमारे सहाशे वर्षांनी, १६३७ मध्ये, देकार्त स्वतःच्या अस्तित्वाच्या खात्रीपाशी पोचला. दोघांचे युक्तिवाद एक नव्हेत. देकार्त संशयाच्या वाटेने येतो. इब्न सीनाला आत्मा शरीराहून वेगळा आहे याकडे लक्ष वेधायचं आहे. पण हा फरक समजायला दोघंही माहीत हवेत. ते काम आमच्या वर्गाने केलं नाही, त्या वीस मिनिटांनी केलं.

मग वर्ग बंद करायचे का? नाही. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात सॉक्रेटिस लेखनावर आक्षेप घेतो: लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच सांगतो. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचंही तसंच. आवाज आपुलकीचा असला की आपण मान डोलावतो, आणि कळलं असं वाटतं. इथेच फसगत होते.

आपल्या परंपरेने हे ओळखलं होतं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन सांगतो. मनन म्हणजे ऐकलेलं तर्काने तपासणं; निदिध्यासन म्हणजे त्याचा ध्यास घेऊन ते मुरवणं. पॉडकास्ट पहिली पायरी सोपी करतो. पुढच्या दोन आपल्याच पायांनी चढायच्या.

म्हणून आम्ही त्या मुलीला एवढंच सुचवलं: भाग संपला की पुढचा लगेच लावू नकोस. वक्त्याचा युक्तिवाद चार वाक्यांत लिही. त्यातलं कुठलं गृहीतक तुला पटत नाही ते शोध. मूळ ग्रंथाचं एक तरी पान वाच. मग कोणाशी तरी वाद घाल.

ती पुढच्या आठवड्यात वही घेऊन आली. पहिलाच प्रश्न होता: "शरीराची जाणीव कधीच नसेल, तर 'मी' ही कल्पना येईल कुठून?"

आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. दोन तास आम्ही बोलत बसलो. शिक्षण म्हणायचं ते याला. आता आपले प्रश्न घेऊ.